पाच नंबरची नळी

पाच नंबरची नळी तिनं तिसऱ्यांदा यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं. हातमोज्याच्या आत पट्टी बांधलेलं बोट ठसठसत होतं. परवा फुटक्या काचेनं कापलेलं. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडा उमटला. ब्याण्णव. आधी दोनदा आला होता तोच.

बाकीच्या सात नळ्यांचे आकडे दहाच्या आत होते, आणि पाचव्या नळीचाही तसाच यायला हवा होता. आठही नळ्यांत धडधाकट माणसांचं रक्त होतं, इथल्याच, प्रयोगशाळेतल्या. अंगात मुरत चाललेला सेप्सिस ताप चढण्याआधी ओळखता येतो का, हे पाहण्यासाठी आठ महिने रुग्णांचं रक्त तपासून झालं होतं. आता तुलनेला निरोगी रक्त हवं होतं, म्हणून आज सकाळी सगळ्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. मग अभ्यासाची आकडेमोड सांभाळणाऱ्या आकडेवाल्यानं नळ्या पिसल्या, त्यांवर नुसते नंबर चिकटवले आणि कुठली नळी कुणाची ती यादी लिफाफ्यात बंद करून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात ठेवली. अभ्यास संपेपर्यंत लिफाफा उघडायचा नाही. उघडला, की आठ महिन्यांच्या कामावर पाणी.

"नळीत काहीतरी गेलं असेल," मॅडम फोनवर म्हणाल्या. "बाजूला काढून ठेव ती."

"तीनदा तेच आलंय."

"अगं, पण आपल्यात आजारी कोण दिसतंय तुला?"

कुणीच दिसत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. तिची वहिनीही कुणाला आजारी दिसली नव्हती. सकाळी तिनं केस धुतले, दुपारी नुसतं अंग कसकसतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सेप्सिस; जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलं, काही तास आधी आणायला हवं होतं. ते काही तास ती गेली चार वर्षं या यंत्रात शोधत होती.

चहाच्या सुट्टीत सहा जण टेबलाभोवती जमले. ती एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिली. कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि सगळे हसले. यांच्यातल्या एकाच्या रक्तात ते सुरू झालं होतं आणि तोही बिस्कीट बुडवून खात होता.

"चला, आज मी सगळ्यांचे हात बघते," ती म्हणाली.

"ताई, हे कधी शिकलात?" आकडेवाल्यानं हसत तळवा पुढे केला.

तिनं तो हातात घेतला आणि दचकली. हात तापलेला होता.

"काय दिसतंय? बढती आहे का?"

"आहे. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

मग तिनं काचसामान धुणाऱ्या काकांचा हात घेतला. तोही गरम. भांडारवाल्यांचा गरम. संशोधन करणाऱ्या दोघी मैत्रिणींनी लग्नाचं विचारायला हात एकदमच पुढे केले; दोन्ही निखाऱ्यासारखे. नोंदणीच्या बाईंचाही तसाच. आकडा एकाच नळीचा वाढलेला आणि हात सगळ्यांचे तापलेले. सहाही जण तिच्याकडे हसून पाहत होते, आणि तिच्या मानेवर काटा आला.

"पंखा बंद करा ना कुणीतरी," ती म्हणाली.

"पंखा कुठे चालू आहे?" काका म्हणाले.

तिनं किटलीतून सगळ्यांना चहा ओतला. मॅडमचा सातवा कप भरला आणि किटली संपली.

"बघा, पुन्हा स्वतःला धरायला विसरल्या," आकडेवाला म्हणाला. "रोजचंच आहे ताईंचं."

आता मॅडमच उरल्या होत्या. कप घेऊन ती वर निघाली. एवढ्याशा जिन्याला तिला दोनदा थांबावं लागलं. भीतीनं छाती धडधडत होती, बशीत चहा सांडत होता.

"लिफाफा उघडा," आत जाताच ती म्हणाली. "वाया जाऊ दे सगळं. कुणाचा तरी जीव जाईल, मॅडम."

मॅडमनी कप घ्यायला हात पुढे केला. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली.

"तुमचाही हात तापलाय," ती पुटपुटली. "सगळ्यांनाच ताप आहे."

मॅडमनी कप बाजूला ठेवला, पण तिचा हात सोडला नाही. "तुझाच हात बर्फ झालाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातानं तो उलटा करून त्यांनी नखं पाहिली, बोटावरची पट्टी पाहिली. पट्टीखालून एक लाल रेघ मनगटाकडे गेली होती.

"सकाळी किती जणांचं रक्त घेतलंस तू?"

"सगळ्यांचं. खाली सहा आणि तुमचं. सात."

"नळ्या किती आहेत?"

तिनं मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"आठवी तुझी. मी घेतली होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "याच खुर्चीत."

त्यांनी तिला त्या खुर्चीत बसवलं आणि मोकळ्या हातानं फोन उचलला. "स्ट्रेचर पाठवा. ताबडतोब."

"लिफाफा उघडू नका मग," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "उगाच वाया जाईल सगळं."

मॅडमनी मान हलवली. तिच्या मनगटावर बोटं ठेवून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ मोजत होते, भराभर, आणखी भराभर, आणि मग नाडी बोटांना लागेनाशी झाली, तसे मोजायचे थांबले.