मयताला जाणारा कोट

मी टिमी मेस्कलचा काळा ओव्हरकोट बोलतोय. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला जाड लोकरीचा शिवला, तेव्हा टिमी नुकताच नगरसेवक झाला होता. "खिसे खोल ठेवा," तो शिंप्याला म्हणाला, "मयताला फार वेळ उभं राहावं लागतं."

आमच्याकडे पुढाऱ्याला भाषण जमलं नाही तरी चालतं, मयत चुकवून चालत नाही. एकवीस वर्षं आम्ही एकही चुकवलं नाही. टिमी विधवेचा हात दोन्ही हातांत धरायचा. कितीतरी बायका माझ्या खांद्यावर रडल्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एक वर्ष तो महापौर होता. महापौराच्या मानाची सोन्याची साखळी माझ्या कॉलरवर रुतायची, तरी मी ऐटीत असायचो.

मग ही निवडणूक आली. आमच्याकडे एका प्रभागातून बरेच जण निवडून येतात; मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे घालतात, आणि सगळ्यात मागे असलेला बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. पक्षाची नवी उमेदवार नुला मागे पडतेय म्हणून टिमी स्वतःच दारोदार सांगत सुटला, "मी काय, येतोच आहे. एक नंबर नुलाला द्या, दोन मला."

"एवढा माज बरा नव्हे हं, टिमी!" कोपऱ्यावरची पेग आजी म्हणाली.

"का, तू पाडणार होय मला?"

"मी कशाला? तूच पुरे आहेस."

मोजणीला मी त्याच्या अंगावरच होतो. आमच्या गल्लीनं त्याचं ऐकलं होतं. नुला आधी बाद झाली असती, तर तिची मतं दुसऱ्या पसंतीनं आमच्याकडे आली असती. पण ती थोडक्यात वाचली आणि आम्हीच बाद झालो. तिच्या गठ्ठ्यात शेकडो कागदांवर टिमीला दोन नंबर होता. ते आता कुणी बघणार नव्हतं. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

त्याला आठ दिवस झाले. आज सकाळी त्याच्या बायकोनं, ब्रिडानं, मला ब्रश मारून पलंगावर ठेवलं.

"ऊठ, टिमी. पेग आजीचा नवरा गेलाय. लोक चर्चकडे निघालेसुद्धा."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "कशाला जाऊ? आता कुणाची मतं मागायचीत?"

ब्रिडा खाली निघून गेली. माझा तर जीवच गेला. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपण रडणाऱ्यांसाठी जातो.

टिमी, माझ्या बाह्या रिकाम्या आहेत, तरी हात जोडतो. तू कशासाठी जात होतास ते मी कुणाला सांगणार नाही. पेग आजीला तर ते माहीतच नाही, ती चर्चच्या दाराकडे तुझी वाट बघत बसली असेल. तिला कळायच्या आत ऊठ, मला अंगात घाल.