विहिरीच्या दगडातलं तांबं

कोकिळेनं काचेची बशी टेबलावर ठेवली आणि परीक्षक वामनरावांनी आधी नाकच मुरडलं. मेहकरच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. इथून एकच वस्तू बुलढाण्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होती. आदल्या दिवशीच्या यादीत पहिलं नाव होतं कोकिळा सहदेव, सुलतानपूर, इयत्ता नववी. ते ठेवायचं की खोडायचं, ते वामनरावांच्या लाल पेन्सिलीच्या हातात.

"काय आहे हे?"

"दगड हाय साहेब. माहा बाप विहिरी खोदते. काळ्या खडकात सुरुंग लावला का त्याच्या पोटातून असे पांढरे, चमकते खडे निघतात."

"पांढरे म्हणतेस, आणि पूड तर निळी!"

झालं! या प्रश्नाची तर ती महिनाभर वाट पाहत होती. तिची गाडी सुसाट सुटली. या दगडाच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या असतात, खोलीला लागून खोली, हे तिला भगवानराव गुरुजींनी शिकवलं होतं. तिनं खडे कुटून भरड केली. कास्तकार फवारणीला वापरतात ते मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, पाण्यात विरघळवलं. कल्हईवाल्याचा नवसागर आणि चुना एकत्र तापवून झणझणीत अमोनिया काढला आणि तो त्यात सोडला. पाणी मोराच्या मानेसारखं झालं. तांब्याच्या एका कणाला अमोनियाचे चार कण धरून बसतात आणि हे पाच जणांचं बिऱ्हाड दगडाच्या खोल्यांत शिरतं. आठ दिवस भरड त्यात भिजली. मग दहा पाण्यांनी धुतली, तरी निळी ती निळीच!

"शिरलं म्हणजे अडकलं," वामनराव म्हणाले. "दगडात अडकलेलं हलत नसतं, मुली."

"हलते साहेब! या खोलीतून त्या खोलीत जाते. नवसागराचं पाणी दिलं का त्यातले कण आत घुसतात अन् हे बाहेर निघते. साध्या पाण्यात मात्र थेंबभर निघत नाही."

"बघू तर तुझं साधं पाणी." त्यांनी पेल्यातलं पाणी बशीत ओतलं आणि बोटानं ढवळलं.

पाणी निळं झालं.

कोकिळा बशीवर वाकली.

"नीळ!" वामनरावांनी बोट रुमालाला पुसलं. "धोतराला देतात ती! वा, सुलतानपूरच्या शास्त्रज्ञ!" पोरं फिदीफिदी हसली. पेन्सिल यादीकडे वळली.

तेवढ्यात दाराशी बसलेली तिची माय, तानाबाई, पदर सावरत उठली. "म्याच टाकली जी, चिमूटभर. सकाळी. लयच फिक्कट दिसत होती. भिंतीच्या चुन्यात नाही का टाकत आपण?"

"माय! काऊन वं?"

"चारचौघांत उजळ दिसावं म्हणून. मले काय मालूम, तुहं फिक्कंच चांगलं राह्यते!"

आता तर हसण्याला ऊतच आला. भगवानराव गुरुजी हळूच म्हणाले, "जाऊ दे कोकिळे. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी? तिची कानशिलं तापली. तांबं आज आत आहे, आणि दाखवायचं पुढच्या वर्षी? तिनं सरळ यादीवर तळहात ठेवला.

"खोडू नका साहेब. तुमच्यासमोर धुऊ द्या मले. दहाव्या पाण्यात निळं दिसलं तर खुशाल खोडा."

"मला साडेचारची एस. टी. गाठायची आहे."

"मंग घागर लवकर आण वं माय!"

तानाबाई धावली. कोकिळेनं जाड फडक्यावर भरड घेतली आणि पाणी सोडलं. नीळ कापडातून गळू लागली, भरड वर राहिली. पहिलं पाणी निळंशार, चौथं मळकट, सातवं नितळ. हसणारी पोरंच आता मोठ्यानं मोजू लागली. आठव्याला गुरुजी म्हणाले, "पुरे." ती म्हणाली, "दहा म्हणजे दहा."

दहावं पाणी वामनरावांनी खिडकीशी धरून पाहिलं. तिनं त्यात अमोनियाची बाटली तिरपी केली; तांब्याचा कण असता तर निळं उमटलं असतं. काही नाही. पाणी जसंच्या तसं.

मग भरडीवर नवसागराचं पाणी घालून तिनं भांडं स्टोव्हवर कोमट केलं. पंधरा मिनिटं. वामनरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. वरचं पाणी तिनं काचेच्या पेल्यात निथळून घेतलं. रंग जवळजवळ नव्हताच.

"फुस्स!" मागून एक पोरगा बोलला.

"थांब बे!"

तिनं अमोनिया ओतला. वास असा उठला की वामनरावांचे डोळे पाणावले. पाणावल्या डोळ्यांनीच ते पेल्यावर वाकले. पेल्यात निळं उमटत होतं, आरपार दिसणारं, नितळ निळं.

बाहेर एस. टी.चा हॉर्न वाजला. ते हलले नाहीत.

"कुठून आलं हे?" त्यांनी विचारलं.

"अडकलेलं होतं ना साहेब, तेच."

गुरुजींनी डोळे वटारले. वामनरावांनी मात्र यादी पुढे ओढली. तिच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'बुलढाणा'. मग म्हणाले, "पण पूड फारच फिकट झाली आता. लांबून दिसायची नाही."

"फिक्कीच नेईन. ज्याले पाहाचं तो जवळ येईन."

तिनं भरडीची पुडी बांधली, सवयीनं मायच्या हातात दिली आणि लगेच परत ओढून घेतली.

"नाही टाकत वं आता!" तानाबाई म्हणाली.