जांभळा कोट राखाडी झाला

"माणूस जाताना काही घेऊन जात नाही, असं जग म्हणतं. जग खोटं बोलतं! हा माणूस जाताना रंग घेऊन गेला!"

एवढं गर्जून तरंगबाबांनी डोळे मिटले. खोलीतल्या वीस-पंचवीस माणसांनी श्वास रोखला. मग बाबांनी एक डोळा किलकिला केला आणि म्हणाले, "तो पंखा जरा वाढवा."

पंखा वाढला. काकूंच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं शिलाईचं दुकान. आज तिथे तीळ ठेवायला जागा नव्हती. कुणी कापडाच्या गठ्ठ्यांवर, कुणी इस्त्रीच्या टेबलावर, आणि एक गृहस्थ तर ब्लाउज घातलेल्या पुतळ्याच्या खांद्यावर रेलून उभे. सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे.

टीव्हीवर काकूंच्या लेकीच्या लग्नाची डीव्हीडी लागली होती. काका दारात उभे राहून "या, या, पोटभर जेवून जा" म्हणत होते. आवाज खणखणीत, चित्र मात्र राखाडी. त्या दिवशी काकांनी काकूंनी शिवलेला जांभळा कोट घातला होता. इतका जांभळा, की व्याह्यांनी विचारलं होतं, "नवरदेव नक्की कोण?" काका गेल्यापासून दर रविवारी दुपारी काकू तो कोट बघत. महिन्याभरापूर्वी तो अचानक राखाडी झाला, आणि काकूंनी तरंगबाबांना बोलावलं.

"तू रंगीत कापडं शिवत बसलीस, म्हणून तो रुसला," बाबा म्हणाले. "पण आम्ही मधे आहोत. बघ!"

त्यांनी डोळे मिटून हात डीव्हीडी प्लेअरच्या मागे, कव्हरच्या आत घातला. तोंडाने 'हुम्म' असा आवाज काढला. फ्रीज सुरू होताना येतो, तसा. आणि काय आश्चर्य! काकांचा कोट जांभळा झाला. माणसं "अगंबाई" म्हणेपर्यंत पुन्हा राखाडी.

"एवढीच मुभा आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. "कायमचे रंग हवे असतील तर दुकान बंद कर. मशीन हलव. ही खोली मोकळी झाली की आम्ही इथेच साधनेला बसू. रस्त्यावरची खोली आहे, तरंग चांगले येतात."

"आणि गिऱ्हाइकंही," मागून कुणीतरी पुटपुटलं.

काकूंनी मशीनकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं त्या मशीनने घर चालवलं होतं. पण जांभळा कोट दिसला होता ना, क्षणभर का होईना. त्यांनी पदर खोचला. "उचला," त्या म्हणाल्या.

"थांबा! माझा ब्लाउज?"

दारात वरच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. "एक बाही लावलीय, एक राहिलीय. मी काय एका बाहीने फिरू?"

"बाई, इथे आत्म्याचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"असेल. माझा दंडाचा आहे." बाई वाट काढत पुढे आल्या. "पुन्हा करून दाखवा बघू. फक्त ते कव्हर काढून."

"आवरण काढलं की शक्ती उडून जाते!"

"उडू दे. खिडकी लावून घेते."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. बाईंनी कव्हर हातात धरून बघितलं. काकूंच्या घरात झाकणाशिवाय वस्तू नसे. मिक्सरला झबलं, रिमोटला झबलं, प्लेअरला तर झालरीचं. मागे वायरींसाठी दोन भोकं, दोन्हींना सुरेख काज केलेलं.

"काकू, हे नवं दिसतंय. कधी शिवलंत?"

"झाला महिना."

"आणि रंग कधी गेले?"

काकूंनी बोटांवर रविवार मोजले. मग हळूच म्हणाल्या, "त्याच रविवारी."

बाईंनी काकूंच्याच गळ्यातली टेप घेतली आणि माप घेतलं. मग कव्हर वर केलं. "या, सगळे बघा. आवाजाच्या पिना मोठ्या भोकातून जातात, त्या ठीक आहेत. चित्राची पिवळी पिन प्लेअरच्या पिवळ्या भोकात हवी. पण कव्हरचं काज बोटभर सरकलंय. त्यातून दिसतंय शेजारचं हिरवं भोक, म्हणून कव्हर घालताना पिन तिथेच बसली. तिथून चित्र येतं, रंग येत नाही. बाबा आत हात घालून पिन पिवळ्यात ढकलतात, मग परत हिरव्यात."

"माझं माप चुकत नाही," काकू ताठ झाल्या. भूत परवडलं असतं, पण माप चुकलं हे कबूल करायचं म्हणजे कठीणच. त्यांनी कव्हर ओढून घेतलं, उलटं केलं, शिवणीवर बोट फिरवलं. एका बाजूला शिलाईसाठी जादा कापड सोडायचंच राहिलं होतं. सगळं कव्हर तिकडे ओढलं गेलं होतं.

"त्या दिवशी," त्या खाली बघत म्हणाल्या, "डोळ्यांना नीट दिसत नव्हतं हो."

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात पुतळ्यावर रेललेले गृहस्थ सरळ झाले. "अहो, हे आमच्या गच्चीवर केबल जोडायला यायचे! तेव्हा दाढी नव्हती, एवढंच."

"पूर्वाश्रमीच्या गोष्टी काढू नयेत," बाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले. घाईत एक दुसऱ्याचीच घातली.

काकूंनी कात्री घेतली, काज बोटभर वाढवलं आणि स्वतःच्या हाताने पिन पिवळ्या भोकात बसवली. बाई टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. वीस-पंचवीस माणसं समोर, हात आपोआप फळ्याकडे जावा तसा वर गेला.

"मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी मागची बाजू बघा. काय बदललं, कधी बदललं, विचारा. जो बघू देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुःखात माणसाचं माप चुकतं, त्यात लाज नाही. पण चुकलेल्या मापावर दुसऱ्याने आपलं दुकान थाटावं, हे आपण का चालवून घ्यायचं? विवेक म्हणजे..."

"बाई," काकू म्हणाल्या.

"बोला ना."

"जरा बाजूला होता का? कोट दिसत नाहीये."