डोणीतलं पाणी

पक्ष्यांची मला आवड नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या परसात एक जुनी दगडी डोणी होती, पूर्वी म्हैस होती तेव्हा तिच्या पाण्याची. म्हैस विकली, डोणी राहिली, आणि बावन्न सालच्या उन्हाळ्यात पेठेतली सगळी पाखरं तिथं अंघोळीला यायला लागली.

त्याला कारण माझी बायको, श्यामला. तिला क्षय झाला होता. सॅनिटोरियमात खाट मिळेपर्यंत तिला मागच्या पडवीत वेगळं ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाटेखाली थुंकायचं भांडं आणि त्यात फिनेल. आणि मुलीला जवळ येऊ द्यायचं नाही. विमला तेव्हा सात वर्षांची. मी परसात फक्कीनं पांढरी रेघ ओढली. रेघेपलीकडं आई, अलीकडं डोणी आणि विमला. मी शाळामास्तर, रेघ ओढली की ती पाळली गेलीच पाहिजे, असा माझा स्वभाव.

विमला रोज सकाळी डोणी हातानं घासायची, ताजं पाणी भरायची आणि तिथंच बसून राहायची. मग पडवीतून श्यामला विचारायची, "आज कोण कोण आलं गं?" साळुंक्या यायच्या, भांडभांडून पाणी उडवायच्या. बुलबुल यायचे. सगळ्यांत शेवटी एक काळापांढरा दयाळ यायचा, शेपटी वर करून काठावर बसायचा आणि निवांत बुडी मारायचा. त्याला बघून श्यामला हसायची, हसता हसता खोकायची. दिवसातला तेवढा अर्धा तास मायलेकींचा. शाळेची घाई असली तरी मीही दारात थांबायचो, हे कबूल करतो.

चैत्रातल्या एका सकाळी मी बघितलं. श्यामलेच्या ताटातला भाकरीचा तुकडा कावळ्यानं उचलला, रेघ ओलांडून तो डोणीवर आला, तुकडा पाण्यात बुचकळून मऊ केला आणि खाल्ला. त्याच पाण्यात विमलाचा हात कोपरापर्यंत.

माझं डोकं फिरलं. डोणी उपसून टाकली असती तरी भागलं असतं. पण मी विमलाला रागावून आत हाकललं आणि फिनेलची अख्खी बाटली डोणीत ओतली. जंतू मरतील, एवढंच डोक्यात. पाखरं हेच पाणी पितात हे रोज बघत होतो, तरी सुचलं नाही. श्यामला तेव्हा डोळे मिटून पडली होती, आणि खाटेखालच्या भांड्यामुळं फिनेलचा वास तिला कळायचाच बंद झाला होता.

शाळेतून आलो तर भांडी घासणारी बयाबाई परसात उभी. तिच्या हातातल्या सुपलीत दोन साळुंक्या आणि तो दयाळ.

"मास्तर, पाखरं मेल्यात की." ती डोणीवर वाकली, वास घेतला आणि माझ्याकडं बघत राहिली. "मी काय बोलत न्हाय. वयनीस्नी तुमचं तुमी सांगा."

मी पडवीत गेलो. सांगायलाच गेलो होतो. श्यामला खाटेवर उठून बसली होती.

"अहो, कावळ्यानं माझं उष्टं त्या पाण्यात बुचकळलं, ते पिऊन मेली ती," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत तडफडली. एवढं विष आहे माझ्यात. उद्यापासून विमलाला परसात पाठवू नका. मी हाक मारली तरी पाठवू नका."

मला हेच तर हवं होतं. आता हट्ट नाही, रडारड नाही, पोरगी वाचली. मी म्हणालो, "बरं."

त्या दिवशी तिनं खाट भिंतीकडं वळवून घेतली. विमला घर आणि पडवीच्या मधल्या बंद दाराशी उभी राहून विचारायची, "आई, आज कोण आलं?" आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी श्यामला दाराआडून काहीतरी बोलली, आणि विमलाचं दाराशी जाणं थांबलं. रोज चहा ठेवताना मला वाटायचं, आज सांगू. एका वाक्याचं काम होतं. मग वाटायचं, सॅनिटोरियमात खाट मिळाली की सांगू, बरी होऊन आली की सांगू. ज्येष्ठात ती गेली. भिंतीकडं तोंड करूनच गेली.

तेरावा झाल्यावर मी डोणी सात वेळा धुतली आणि विमलाला म्हटलं, "भर पाणी."

"नको. आईच्या आजारानं पाखरं मरतात."

"कोण म्हणालं?"

"आईच. दाराआडून म्हणाली, मी विष आहे, माझ्याजवळ येऊ नकोस."

तेव्हा मात्र मी सांगितलं. कावळा, फिनेल, बाटली, सगळं. विमलानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"अण्णा, हे आईला सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत आली.