मनात वाचावे

माणूस गेला की त्याचं आयुष्य कागदावर मांडायची वेळ येते आणि घरच्यांची पंचाईत होते. काही वर्षं मांडण्यासारखी नसतात. निदान त्यांना तरी तसं वाटतं.

अमेरिकेतल्या टोलेडोच्या ॲल्थिया ग्रिग्ज निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वय चौऱ्याहत्तर, भाषेत काटेकोर. त्यांचा थोरला भाऊ रोस्को मंगळवारी वारला, शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधी. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मृताचं जीवनचरित्र छापलेली पुस्तिका द्यायची, ही त्यांच्या कृष्णवर्णीय चर्चची रीत. बाईंनी ते एका बैठकीत लिहिलं. जन्म, बाप्तिस्मा, शाळा. मग 'काही काळ रोस्को बाहेरगावी होते'. पुढे बत्तीस वर्षं सुतारकाम, आणि त्यांना मासेमारीची आवड होती, हेसुद्धा.

बाहेरगावी म्हणजे तुरुंगात. अकरा वर्षं.

गुरुवारी मदर लुव्हेनिया भाजलेली कोंबडी घेऊन सांत्वनाला आल्या. चर्चमधल्या सर्वांत वडील बाई, म्हणून साऱ्यांच्या 'मदर'; वय एक्याण्णव. छापखान्यात पाठवण्याआधी ॲल्थियाबाईंनी त्यांना मजकूर वाचून दाखवला. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"छान लिहिलंयस. आणि बाकीचा रोस्को कुठाय?"

"मदर, झाकली मूठ सव्वा लाखाची राहू द्या."

"मूठ त्याची होती पोरी. झाकणारी तू कोण?"

मग त्या सांगत बसल्या. एकोणीसशे सत्तरच्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात रोज सकाळी साठ पोरं जेवून शाळेत जायची. लुव्हेनिया अंडी फोडायच्या, रोस्को आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या त्याच्या संघटनेची काळ्या जाकिटातली मुलं ताटं वाढायची. शाळेनं कधी विचारलं नव्हतं, पोरांच्या पोटात काही आहे का.

ॲल्थियाबाईंचा संयम सुटला. "आणि बंदुका? त्या काय तुमच्या अंड्यांच्या टोपलीतून आल्या? चकमकीत पोलिसाच्या पायात गोळी गेली, तो जन्माचा लंगडा झाला. बाबांची टपालाची नोकरी गेली. तुम्ही म्हणणार वीर, टीव्हीवाले म्हणणार गुंड. आमचं घर धुळीला मिळालं, ते कोण लिहिणार?"

"तू लिही. बंदूक लिही, त्या पोलिसाचा पाय लिही, बाबांची नोकरी लिही. आधी गोळी कुणी झाडली यावर लोक पन्नास वर्षं भांडतायत, अजून भांडू देत. पण ताटंही लिही. सरकारनं त्याची अकरा वर्षं घेतली. तू ती कागदावरूनही घेतेस?"

बाई खुर्चीत बसल्या. मग जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. एकाहत्तर साली नोकरीच्या मुलाखतीत मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, रोस्को ग्रिग्ज तुमचा कोण? त्यांनी उत्तर दिलं होतं, कोणी नाही. नोकरी मिळाली. रोस्कोला तुरुंगात त्यांनी एकही पत्र धाडलं नाही.

"त्याला ठाऊक होतं," मदर म्हणाल्या. "सुटून आल्यावर तो कधी तुझ्या शाळेवरून गेला नाही. लांबून वळसा घालायचा. म्हणायचा, माझ्यामुळे तिच्या पोटावर पाय नको."

चाळीस वर्षं दर सणाला भाऊ-बहीण एका टेबलावर जेवली होती! एकदाही तो विषय काढला नव्हता. ॲल्थियाबाईंना वाटायचं, त्याला माहीत नाही, म्हणून तो बोलत नाही. त्या ओक्साबोक्शी रडल्या, आणि संध्याकाळी नवा कागद घेऊन बसल्या.

शनिवारी चर्च भरलं. जीवनचरित्राच्या वेळी ऑर्गन हळू वाजवायचा आणि प्रत्येकानं ते मनात वाचायचं, असा प्रघात. पुस्तिकेतही तसं छापलेलं असतं. माना खाली गेल्या. ॲल्थियाबाई उठल्या, ऑर्गनवाल्याला हातानं थांबवलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या. ताटं वाचली, बंदुका वाचल्या, लंगडा झालेला पोलीस वाचला. मागच्या बाकांवरचे चौघे उठून निघून गेले. त्या थांबल्या नाहीत. शेवटी मुलाखतीतला प्रश्न आणि आपलं उत्तर वाचलं, आणि म्हणाल्या, "खोटं बोलले होते. तो माझा भाऊ."

 

वाचकहो, ज्यांनी व्यवस्थेशी भांडण घेतलं अशी माणसं आपल्याही घरांत, आपल्याही गावांत होऊन गेली. त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. त्यांची चूक सांगा, त्यांचं चांगलंही सांगा, वाद घाला. पण त्यांना गाळू नका. आणि जे सांगायचं ते त्यांच्या देखत सांगा. ॲल्थियाबाईंनी त्या दिवशी रोस्कोला भाऊ म्हटलं, ते तीनशे लोकांनी ऐकलं. ज्यानं ऐकायला हवं होतं, तो ऐकण्यापलीकडे गेला होता.