पोटावरच्या रेघा

मी काचेचा बीकर. पाणी तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझं आयुष्य गेलं. भट्टीत फुगलो, निवलो आणि पोटावर पांढऱ्या रेघा घेऊन बाहेर पडलो. त्या रेघांचा मला भारी अभिमान. शंभर मिलिलिटर म्हणजे शंभरच, असं मी धरून चाललो होतो.

प्रयोगशाळा मावशींची. नेमकं मोजणारं उंच, सडपातळ मोजपात्र फुटेल या धास्तीनं त्यांनी ते कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं. त्यामुळे तपासायचं पाणी मोजायचा मान माझा.

मग त्यांची भाची हाताखाली आली. डोळे रेघेच्या पातळीत आणून, श्वास रोखून ती पाणी ओतायची. थेंब जास्त झाला की काढून टाकायची. तरीही एकाच विहिरीच्या पाण्यातले क्षार मावशींपेक्षा तिचे कमीच यायचे. दरवेळी. मावशींनी आधी थट्टा केली, मग त्या चिडचिड करू लागल्या. एका सकाळी म्हणाल्या, "तुझ्या आईला शब्द दिला म्हणून ठेवलं हो. आज चुकलं तर उद्यापासून घरीच बस."

भाचीचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. "मावशी, एकदा तू कर. मी नुसती बघते."

मावशींनी मला पुढ्यात ओढून पाणी ओतलं, गप्पा मारत, सवयीनं.

"तू रेघेच्या वर भरलंस."

"काहीतरीच. रेघेवरच आहे की."

दोघी वाकल्या. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाणी नखभर वर होतं.

भाचीनं कपाटातलं मोजपात्र काढून ते पाणी त्यात ओतलं. बरोबर शंभर. मग मला अगदी रेघेपर्यंत भरून ओतलं. पंचाण्णव. पाणीच कमी, म्हणून तिचे क्षारही कमी.

तापलेल्या काचेवर गार पाणी पडावं तसा मी हबकलो. माझी रेघ खोटी? मावशी तर स्टुलावर बसल्याच. स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. कधीकाळी त्यांनी मला मोजपात्राशी ताडून पाहिलं असणार. हातानं ते लक्षात ठेवलं, त्या मात्र साफ विसरल्या.

भाचीनं मला उजेडात फिरवलं. चोचीखाली बारीक अक्षरं होती. "इथं लिहिलंय बघ. अंदाजे."

माझ्याच अंगावर लिहिलेलं, आणि मला ठाऊक नाही. आतून सगळं उलटंच दिसतं हो.

मावशी स्टुलावरून उठत म्हणाल्या, "उद्या लवकर ये. आणि ते मोजपात्र बाहेरच राहू दे."

आता माझ्यात पाणी तापवतात, रसायनं ढवळतात. त्यात मी सुखी आहे. तुम्हीही मला खुशाल तापवा, ढवळा. पण नेमकं मोजायचं असेल तर माझ्या रेघांच्या भरवशावर कुणाला बोल लावू नका.

मावशी मात्र मला नुसतं विसळताना भरतात, तरी हात नखभर वरच जातो. मग भाचीकडे चोरून बघतात.