एकतीस तारखेची गोष्ट

त्याने ठकीला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं आणि पुस्तकात सांगितला होता तसा मऊ, बारीक, लाडिक आवाज काढला.

"कोण रडतंय? कोण बरं रडतंय?"

उत्तर म्हणून ठकीने सूर आणखी वर नेला.

साडेतीन महिन्यांची ठकी आणि तिचा बाबा आज पहिल्यांदाच घरात दोघेच होते. बाबाने तीन आठवड्यांची रजा घेतली होती. ठकीची आई आर्किटेक्ट. बाळंतपणानंतर आज तिचा कामाचा पहिला दिवस होता आणि अकरा वाजता तिला समितीपुढे एका शाळेचे नकाशे मांडायचे होते. ती शाळा तिने पोटाचा भार सांभाळत, भिंत न् भिंत स्वतः आखली होती. सकाळी दारात चपला घालताना ती म्हणाली होती,

"अकराच्या आत फोन केलास तर सगळं टाकून येईन. नकाशे काय, साहेब मांडतील जमतील तसे."

"अगं, नाही करणार फोन."

"फुशारकी नको. रडून रडून लाल झाली तर कर."

ठकी लाल होऊन वीस मिनिटं झाली होती. घड्याळात पावणेअकरा.

बाबा प्रोग्रामर होता आणि त्याला स्वतःला सुधारायचा भारी सोस होता. पहाटे उठणं, गार पाण्याने अंघोळ, रोज वीस पानं वाचन. एक जमलं की दुसरं. ऑफिसातले लोक त्याला विचारायचे, "काय, तुमची नवी आवृत्ती कधी येतेय?" बाळाची चाहूल लागली तेव्हा त्याने बाप होण्यावरची चार पुस्तकं खुणा करकरून वाचली. त्याच्या आईने ती पुस्तकं पाहिली आणि म्हणाली, "पी हळद आणि हो गोरी, असं नसतं रे बाळा." तरी त्याने 'बाळ रडल्यास' अशी तेवीस कलमांची यादी केलीच. लंगोट, दूध, ढेकर, खिडकी, खुळखुळा. आज तेविसावं कलमही संपलं होतं. पोट भरलेलं, अंग कोरडं, ताप नाही, आणि रडणं चालूच. बाबापुता करून करून त्याचा घसा सुकला.

ठकीला आपण परके वाटतो, ही धास्ती त्याला महिनाभर होती. आई घेते, आजी घेते, तेव्हा ती गप्प होते. आपण घेतलं की ओठ काढते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आज ते ठकीच साऱ्या इमारतीला सांगत होती.

त्याने हात टेकले. टेबलावरचा फोन उचलला आणि बायकोचं नाव शोधू लागला, तेवढ्यात वर एक निरोप आला. तो ऑफिसातल्या टेस्टरबाईंचा होता. प्रोग्राममधल्या चुका शोधणं हेच त्यांचं काम, म्हणून टीमने त्यांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. दवाखान्यांच्या वेळा लावून देणारा प्रोग्राम पुन्हा बिघडला होता. सवयीने त्याने निरोप मोठ्याने वाचला.

"एकतीस तारखेला आलेल्या पेशंटची पुढच्या महिन्याची वेळ गायब होते. सगळ्यांची नाही, फक्त एकतीसवाल्यांची." तो येरझारा घालू लागला. "आता हे घोडं कुठे पेंड खातंय? समज, आज एकतीस तारीख आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात याच तारखेला या. प्रोग्राम बिचारा पुढचा महिना उघडतो. तिथे दिवसच तीस. मग तो काय करतो? एकतीस शोधतो. सापडत नाही. कुणाला विचारतो का? नाही विचारत. गुपचूप पेशंटच पुसून टाकतो!"

खिडकीपर्यंत जाऊन तो वळला आणि थबकला. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

ठकीने मान मागे टाकून डोळे त्याच्या तोंडावर लावले होते. पापण्या ओल्या होत्या.

"अगं माझी छबुकली ती!" तो बारीक आवाजात म्हणाला.

ठकीचा ओठ बाहेर आला.

"बरं बरं. तर एकतीस तारीख," तो घाईघाईने आपल्या नेहमीच्या खर्जातल्या, रटाळ आवाजात म्हणाला. ओठ आत गेला.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ठकी पोटात असताना तिची आई शेवटचे तीन महिने घरूनच काम करत होती, आणि तोही. एकच टेबल, या बाजूला नकाशे, त्या बाजूला तो. प्रोग्राम अडला की भिंतीकडे बघत तो ओळ न् ओळ मोठ्याने स्वतःला समजावून सांगायचा. तसं केलं की चूक सापडते. बायको म्हणायची, "चालू दे तुझं पुराण, माझ्या रेघा सरळ येतात." पुराण ऐकणारं तिथे आणखी कुणी होतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

त्याला हसू फुटलं. त्याने ठकीच्या टाळूवर गाल टेकला. सुखाने त्याचा ऊर भरून आला होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"का नाही केलास फोन?" बायको.

"गरजच नाही पडली."

"रडत नाहीये ती?"

"ऐकतेय. एकतीस तारखेचा घोळ सांगतोय तिला."

पलीकडून फक्त खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"काय झालं गं?"

"मला आत जाववत नाहीये रे. किती महिने झाले चार लोकांसमोर तोंड उघडून. आत सगळे येऊन बसलेत. तू फोन करशील म्हणून वाट बघत होते, खरं सांगू का? म्हणजे पळून येता आलं असतं."

त्याने घसा साफ केला. आत्मविश्वासावर तर त्याने सहा पुस्तकं वाचली होती.

"हे बघ, आधी एक दीर्घ श्वास..."

"ते नको. तिला काय सांगत होतास ते सांग. तसंच."

तो ठकीला घेऊन हळूच टेबलापाशी बसला.

"तर समज," तो म्हणाला, "आज एकतीस तारीख आहे. आणि पुढच्या महिन्यात दिवसच तीस."

"हं," ती म्हणाली. तिची पावलं चालू लागल्याचं त्याला ऐकू आलं. "मग?"